उत्कृष्ट शिकाऊ निवडायचा, तर पावसाळा उलटू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक माणसांची संस्था, बायोगॅस, सौर पंप आणि पाणलोटाची कामं, नऊ शिकाऊ उमेदवार. दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की एकाला ‘उत्कृष्ट शिकाऊ’ म्हणून ढाल आणि प्रमाणपत्र. गेल्या वर्षी ज्याला दिलं त्याच्यावरून मिस्त्री लोकांत कुजबुज झाली, आणि एक मुलगी महिन्याभरात काम सोडून गेली. आता निवड कशी करावी, गुणपत्रिका कशी असावी आणि ढालीऐवजी काय द्यावं, असं तुम्ही विचारता.

मी या कामात तेवीस वर्षं आहे. सुरुवातीला बायोगॅसवर सुपरवायझर होतो, आता शिकाऊंची भरती, फिरती आणि परीक्षा माझ्याकडे असते. गुणपत्रिका मी देणार नाही. आम्ही आजवर चार वेगवेगळ्या करून पाहिल्या. प्रत्येक वेळी दोन महिन्यांत पोरांना कळलं की गुण कशाला आहेत, आणि मग तेवढंच होऊ लागलं. अहवालाला दहा गुण ठेवले त्या वर्षी अहवाल असे आले की वाचून डोळे भरून यावेत. कामं होती तशीच राहिली.

आधी तारीख बदला. आपली बांधकामं साधारण डिसेंबर ते मे या काळात होतात. सलग समतल चर (पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खोदायचे लांब चर) उन्हाळ्यात खोदले जातात, आणि ते खरंच समतल आहेत की नाही हे पहिला मोठा पाऊस पडल्यावरच दिसतं. आमच्याकडे ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चराचं माप धरतात. खोदून झाल्यावर ते माप टेप लावून कुणीही तपासेल. पण आखणी करताना ए-फ्रेमचा (समपातळी बघायच्या लाकडी चौकटीचा) ओळंबा नीट बघितला नसेल, तर पावसाचं पाणी चरात सारखं उभं न राहता एका टोकाला धावतं आणि तिथंच बांध फोडतं. म्हणजे ज्या पोरानं उन्हात कंटाळून चार ठिकाणी अंदाजानं चुन्याची फक्की टाकली, त्याचं बिंग जुलैमध्ये फुटतं. बायोगॅसचं त्याहून उशिरा. गॅस साठतो त्या घुमटाच्या आतल्या प्लास्टरला नीट पाणी मारलं नसेल तर बारीक चिरा राहतात. सुरुवातीला गॅस येतो, सगळे खूश होतात, फोटो निघतात. दोन-चार महिन्यांनी घरातली बाई सांगते की चहा होतो, भाकरी होत नाही.

म्हणून आम्ही निवड दिवाळीनंतर करतो. तोवर बऱ्याच जणांचं वर्ष संपलेलं असतं, काही जण दुसरीकडे लागलेले असतात. मग त्यांना एसटीचं भाडं देऊन बोलावतो. एक दिवसाचा खाडा होतो, त्याचेही पैसे देतो. पहिल्यांदा हे सुचवलं तेव्हा आमचे हिशेबनीस म्हणाले, गेलेल्याला कशाला बोलवायचं, उपयोग काय त्याचा. पण चालू शिकाऊ हे बघतात. गेल्यानंतरही काम तपासलं जातं, हे त्यांना तेव्हा कळतं.

आता आमची चूक सांगतो, कारण बाकीचं सगळं मी तिच्यातून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही एका मुलाला निवडलं. बोलायला तरबेज, पाहुणे आले की पुढे, मोबाइलवर सुंदर फोटो काढायचा, महिन्याचा अहवाल एक तारखेला टेबलावर. वर्षात पाच बायोगॅस प्लांट पूर्ण केले, सगळ्यांत जास्त. त्याच तुकडीत एक मुलगी होती, तिचे दोनच. आम्ही आकडा पाहिला आणि त्याला दिलं. पुढच्या होळीच्या सुमारास मी त्या पाच घरी गेलो तर तीन प्लांट बंद. एकात तर कोंबड्यांचं खुराडं ठेवलं होतं.

मग त्या मुलीची वही काढली. तिनं दोन बांधले होते आणि चार घरी बांधू नका म्हणून लिहिलं होतं. एका घरच्यांनी अर्ज भरला तेव्हा दावणीला पाच जनावरं होती. ती मोजायला गेली तोवर मुलीच्या लग्नासाठी तीन विकली होती. दोन घनमीटरच्या दीनबंधू (पक्क्या घुमटाच्या) प्लांटला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. दोन गावठी गाईंचं मिळून वीस-पंचवीस किलोच्या वर जात नाही. तिनं लिहिलं होतं: ‘शेण पुरणार नाही. बाई म्हणतात उसनं आणू. रोज कोण देणार?’ एवढी तीन वाक्यं. आमच्या तेव्हाच्या सुपरवायझरनं (म्हणजे मीच) त्या पानावर लाल पेनानं ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असा शेरा मारला होता.

आपल्या कामात उत्कृष्ट शिकाऊ ओळखणं कठीण का जातं, ते इथं आहे. फिटर किंवा टर्नरचा जॉब समोर ठेवता येतो. ड्रॉइंग एकच, मटेरियल एकच, मायक्रोमीटर लावला की निकाल. आपल्याकडे प्लांट तिथेच राहतो, पण तो चालवायला घर लागतं, जनावरं लागतात, पाणी लागतं, सासूची मर्जी लागते. चांगला शिकाऊ हे सगळं बघतो. आणि नीट बघणाऱ्याचे आकडे पुष्कळदा कमी भरतात. तुमच्या देणगीदार कंपनीला वर्षाला किती प्लांट झाले हा आकडा हवा असतो, तो त्यांना द्या. शिकाऊची पारख त्या आकड्यावर करू नका.

मग कशावर करायची? आम्ही तीन ठिकाणी विचारतो.

पहिलं, ज्याच्या घरी किंवा रानात काम झालं तिथं. पण ‘पोरगा कसा होता?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: चांगला होता, साहेब. पाहुण्याच्या तोंडावर कोण कुणाच्या लेकराला नावं ठेवील? आम्ही विचारतो, ‘बिघडलं की फोन कुणाला लावता?’ मग खरं बाहेर येतं. आमच्याकडे एकदा सात घरांनी एकाच मुलाचं नाव घेतलं, आणि त्यातल्या चार घरी त्यानं काम केलंच नव्हतं. शेजारच्यांकडून नंबर मिळाला म्हणाले. दुसरा प्रश्न, ‘पुढच्या वर्षी कुणाला पाठवू?’ आणि हे प्रश्न कागदावर सही करणाऱ्या घरधन्याला विचारून थांबू नका. शेगडीपुढे जी बसते तिला विचारा. सौर पंपाचं असेल तर पाणी सोडायला रानात जो जातो त्याला. एकदा एका शेतकऱ्याच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं मला सांगितलं, ‘त्या ताईनं आधी बटण बंद करायला शिकवलं, मग वायर काढायला.’ पंप चालू असताना पॅनेलचा जोड ओढला की डीसीची ठिणगी उडते, हात भाजतो. ते त्या पोराला माहीत होतं. त्या ताईचं काम बघायला मला तिथं पुढे काही तपासावं लागलं नाही.

दुसरं, मिस्त्री. तुमच्याकडे कुजबुज मिस्त्री लोकांतच झाली, म्हणजे त्यांना विचारलं नव्हतं. शिकाऊ सहा-आठ महिने ज्याच्या हाताखाली असतो त्याला सोडून आपण ऑफिसात बसून ठरवतो, हा शुद्ध अपमान आहे. फक्त त्यांना तक्ता भरायला लावू नका, सगळ्यांना दहापैकी आठ देतील. आम्ही प्रत्येक मिस्त्रीला दोन नावं विचारतो आणि प्रत्येक नावामागे एक प्रसंग. अट एकच: विशेषण नको. ‘प्रामाणिक आहे’, ‘मेहनती आहे’ हे चालत नाही. काय झालं ते सांगा. मग गोष्टी निघतात. घुमटाचं प्लास्टर झाल्यावर सगळे गावच्या जत्रेला गेले आणि एकटी पोरगी पाणी मारायला मागे थांबली. किंवा, एकानं इनलेटचा (शेण आत जायचा) पाइप चुकीच्या उंचीवर बसवला, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, संध्याकाळी स्वतः येऊन म्हणाला, मिस्त्री, उद्या सकाळी फोडू या.

ही दुसरी गोष्ट माझ्या लेखी सगळ्यांत वजनदार. स्वतःची चूक स्वतः सांगणारा शिकाऊ वर्षाकाठी एखादाच भेटतो. त्याला आपणच गप्प करतो, कारण चूक सांगितली की मजुरी कापतो नाहीतर चारचौघांत बोलतो. आम्ही प्रत्येकाला एक वेगळी वही देतो. काय चुकलं, कसं कळलं, काय केलं. तिच्यावर शेरा मारायचा नाही, तारीख टाकून सही करायची एवढंच. वर्षभर कोरी राहिलेली वही बघितली की मला त्या शिकाऊची काळजी वाटते.

तिसरं ठिकाण कुणी विचारात घेत नाही, ते म्हणजे स्टोअर. आमच्या स्टोअरकीपर काकांइतकी पारख कुणाला नाही. कोण मल्टीमीटर सेल काढून परत करतो, कोण उरलेला दीड मीटर पाइप आणून देतो, कोण सिमेंटचं अर्धं पोतं झाकून ठेवतो आणि कुणाची थापी सुकलेल्या मालासकट येते, हे त्यांना तोंडपाठ असतं. पर्यावरणाची मोठी मोठी भाषा करणारे पुष्कळ असतात. ओलसर जमिनीवर पोतं टाकून जाणारा कोण, ते स्टोअरला माहीत असतं.

या तिघांकडून एकच नाव आलं तर प्रश्न मिटला. वेगवेगळी आली तर आमची चार माणसांची बैठक बसते, त्यात एक गेल्या वर्षीचा शिकाऊ असतो. तो नसता तर एक मोठी गफलत झाली असती. एका मुलाची कामं एकापाठोपाठ एक छान दिसत होती. हा गेल्या वर्षीचा शिकाऊ म्हणाला, ‘सर, त्याला सगळी रस्त्यावरची गावं मिळाली. त्याच्याकडे गाडी आहे म्हणून लांबची द्यायला हवी होती, पण तो सुपरवायझरच्या गावचा.’ तपासलं तर खरं. उलट दोन मुलींना घाटाखालची गावं होती, संध्याकाळची शेवटची एसटी साडेपाचला, म्हणजे कामाचा दिवस दोन तास लहान. कोण उजवं ठरलं हे काम वाटतानाच ठरून गेलं होतं. तेव्हापासून गावं चिठ्ठ्या टाकून वाटतो आणि चार महिन्यांनी बदलतो. तुमची जी मुलगी सोडून गेली, तिला कोणती गावं दिली होती ते एकदा काढून बघा.

आणखी एक. पाणलोटाच्या कामात एकाला निवडायचा हट्ट सोडा. चर, दगडी बांध, गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध) हे हातात हात घालून होतं. महाराष्ट्रात याची जाण जुनी आहे. २०००च्या सुमारास सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान असो की २०१६ ते २०१९ या काळातली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, बक्षीस गावाला होतं, एका माणसाला नव्हतं. वॉटर कपच्या पहिल्या वर्षी साताऱ्यातलं वेळू पहिलं आलं, लोकांच्या तोंडी गावाचंच नाव राहिलं. (समिती यायच्या आदल्या रात्री झाडलेले रस्तेही आपण पाहिलेत, तो भाग वेगळा.) आम्ही पाणलोटात जोडी निवडतो, कधी चौघांची तुकडी. बायोगॅस आणि सौर पंपात एकेकटं नाव घेता येतं.

आता काय द्यावं. त्याआधी काय देणं लागतो ते बघू. साठ माणसांत नऊ म्हणजे, एकूण माणसांच्या मानानं शिकाऊ किती असावेत त्याच्या शिकाऊ उमेदवार कायद्यातल्या २.५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यात तुम्ही अगदी वरच्या टोकाला आहात. चांगली गोष्ट आहे, पण त्याचा एक वाईट अर्थही निघू शकतो, स्वस्तात हात मिळाले असा. १९६१च्या त्या कायद्यानं शिकाऊ हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. २०१९च्या नियमदुरुस्तीत शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, ते किमान म्हणून. जास्त द्यायला कायदा अडवत नाही. आणि ते पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत मिळायला हवं. विद्यावेतन दोन-दोन महिने तटवणाऱ्या एका संस्थेच्या कार्यक्रमात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. ढाल घेऊन खाली उतरलेल्या मुलानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, सर, तुमच्याकडे जागा आहे का?

दुसरा धोका असा की ‘उत्कृष्ट’ ठरलेल्यावर तेवढ्याच पैशात दुप्पट काम पडतं. लांबचं गाव? त्याला पाठवा. पाहुणे आलेत? तिला बोलवा. हे तुमच्याकडे होत असेल तर ढालीपेक्षा ते आधी थांबवा.

देण्याच्या बाबतीत आमचा अनुभव सांगतो. ढाल घरी जाते, टीव्हीवर बसते. अवजारं रोज हातात राहतात. बायोगॅसवाल्याला स्वतःची थापी, ओळंबा, पाणसळ आणि लेव्हल ट्यूब. सौर पंपवाल्याला चांगला मल्टीमीटर आणि जोड दाबायचं क्रिम्पिंग टूल. हे तीन-चार हजारांच्या आसपास बसतं आणि त्यावर पुढच्या महिन्यापासून पोटापाण्याचं काम सुरू करता येतं. एका मुलीनं आम्हाला अवजारांऐवजी दुचाकीच्या लायसन्सची फी मागितली. दिली. पुढे ती सहा गावांची दुरुस्ती एकटी बघू लागली. म्हणून आता आम्ही आधी विचारतो.

कागदाचं मात्र मी वेगळं मत धरून आहे. राजस्थानातलं तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज, गावकऱ्यांना तंत्राची कामं शिकवणारं, १९७२ पासूनचं, प्रमाणपत्र मुद्दाम देत नाही. कागद हातात आला की माणूस शहराची वाट धरतो, गावाचं गावातच राहावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं आणि पटत नाहीही. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं उदाहरण आपल्याला जवळचं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये ते सुरू केलं, पोरं हातानं काम करत, गावाला सेवा देत शिकतात, आणि तरी पदविका मिळते. आमची मुलं बँकेत कर्ज मागायला जातात, ठेकेदाराकडे दर ठरवायला जातात, तिथं कागदाशिवाय कुणी खुर्ची देत नाही. शहरात जायचं तो कागद नसला तरी जातो, फक्त तिथं बिगारी म्हणून लागतो.

पण कागद कसा लिहायचा, यात सगळं आहे. ‘यांनी उत्कृष्ट कामगिरी केली, आम्ही त्यांच्या उज्ज्वल भवितव्याची कामना करतो’ हे फाडून टाका. आमच्या पत्रात असं असतं: ‘यांनी दोन घनमीटरचे तीन दीनबंधू प्लांट मिस्त्रीच्या देखरेखीखाली व एक स्वतंत्रपणे बांधला. घुमटाची गळती तपासू शकतात. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत चारही चालू होते. जनावरांची मोजणी करून दोन ठिकाणी बांधकाम न करण्याचा सल्ला दिला, तो योग्य ठरला.’ खाली मिस्त्रीची सही, मग माझी. मिस्त्रीचा अंगठा असला तरी चालेल, पण तो वर. असं पत्र सगळ्या नऊ जणांना द्या, प्रत्येकाचं वेगळं. ज्यांचा ट्रेड (कामाचा प्रकार) सरकारच्या यादीत अधिसूचित आहे त्यांची सरकारी परीक्षा असतेच, तिचं प्रमाणपत्र वेगळं. तिची फी आणि त्या दिवसांची रजा तुम्ही सोसा.

एक स्वस्त गोष्ट. आम्ही प्लांटच्या आउटलेटच्या झाकणावर ओल्या प्लास्टरमध्ये बांधणाऱ्याचं नाव आणि महिना-वर्ष कोरतो. मिस्त्रीचं आणि शिकाऊचं, दोघांचं. पहिल्या वर्षी मिस्त्री लोक लाजले. दुसऱ्या वर्षी एकानं झाकण फोडून परत टाकलं, कारण त्याच्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता.

कार्यक्रमाचं फार सांगण्यासारखं नाही. पाहुणा आणायचाच तर ज्याच्या घरी काम झालं त्या बाईला आणा, तिच्या हातून द्या. ज्याला देताय त्याचा प्रसंग सांगा, पदवी सांगू नका. जाहीर करायच्या आदल्या दिवशी उरलेल्या आठ जणांशी एकेकाशी अर्धा तास बसा. तुझं काय चांगलं झालं, कुठं कमी पडलं, कुणी काय सांगितलं. हे टाळून थेट नाव पुकारलंत तर टाळ्या वाजतात आणि मागच्या रांगेत कुणीतरी मनातल्या मनात राजीनामा लिहितं.

यंदाचा १५ ऑगस्ट जवळ आलाय आणि तुम्हाला काहीतरी द्यावंच लागणार असेल, तर सगळ्यांना अवजारं द्या आणि निवड दिवाळीनंतर करू असं सरळ सांगा. मधल्या काळात सोडून गेलेल्या मुलीला एक फोन करा. परत ये म्हणायला नाही. तिला विचारा की तुमच्या तुकडीत सगळ्यांत चांगलं काम कोण करत होतं. मग तिनं बांधलेल्या प्लांटवर स्वतः जा आणि तिथल्या बाईंना शेगडी पेटवून दाखवायला सांगा.